लग्नघरातला ऑर्केस्ट्रा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांच्या लग्नांची धांदल सुरू होते. कार्यालय, केटरर, बस्ता, पत्रिका, केळवणं, रुखवत. यादी करता करता वही भरते. या यादीत हल्ली आणखी एक ओळ वाढली आहे आणि ती काही आता जायची नाही. ती ओळ म्हणजे, ‘गाणी कुणाची ठेवायची?’ हळदीची संध्याकाळ असो, ‘संगीत’ म्हणून जी नवी रीत आली आहे ती असो, की स्वागतसमारंभ असो, ऑर्केस्ट्रा नसला तर मुलांना कार्य झाल्यासारखं वाटत नाही.

हे काम बहुधा घरातल्या पुरुषमंडळींकडे जातं. कुणा भावोजींच्या ओळखीचा एक ‘पार्टीवाला’ असतो. त्याला फोन होतो, रक्कम ठरते, झालं! आपल्या वाट्याला येतात त्या नंतरच्या तक्रारी. आत्याबाईंचं डोकं दुखलं. विहिणीशी दोन शब्द बोलता आले नाहीत. मामांना गायचं होतं, त्यांना कुणी माइकच दिला नाही. आणि सगळं आवरल्यावर कुणीतरी हळूच सांगतं, ‘वहिनी, ती गाणारी पोरगी न जेवताच गेली हो.’

ही शेवटची तक्रार ऐकली की जिवाला लागते. दारी आलेला माणूस उपाशी जाऊ नये असं आपण म्हणतो, आणि आपल्याच कार्यात चार तास गाणारी मुलगी उपाशी जाते. म्हणून म्हणते मैत्रिणींनो, ऑर्केस्ट्र्याचं काम यंदा आपल्या हाती घ्या. त्यात अवघड काही नाही. स्वयंपाक्याशी बोलणी करता येतात, तर गाणाऱ्यांशीही करता येतील.

कुणाला बोलवायचं?

आधी आपल्याला काय हवं आहे ते ठरवा. सनई-चौघडा हे मंगलवाद्य. त्याची वेळ मुहूर्ताची. त्याच्याकडे सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करू नये, त्याला त्याचे राग वाजवू द्यावेत.

वरातीला ब्रास बँड. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ते भलंमोठं वळणाचं युफोनियम, साइड ड्रम आणि बडा ढोल. ही वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आपल्याकडे आली. संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले आणि पुढे तीच वाद्यं नवरदेवाच्या घोड्यापुढे चालू लागली. आता तर ती आपल्या देशातच, उत्तर प्रदेशात मीरतला, मोठ्या प्रमाणावर तयार होतात. मुंबई, ठाणे, रायगड या बाजूला हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ते बेंजो आणि जोडीला ढोल-ताशा. कोळीगीतं ऐकावीत तर त्याच्यावर!

ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन-तीन गाणारे, की-बोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला आणि बोलका निवेदक. याचंच एक धाकटं भावंड आहे, ते म्हणजे ‘ट्रॅकवर’ गाणारे. त्यात गाणारा एक-दोन माणसं असतात आणि वाद्यांचा भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. खर्च कमी येतो, जागा कमी लागते. घरगुती पन्नास माणसांच्या कार्याला ते पुरेसं होतं. पण दोन्हींतला फरक समजून घ्या. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. नवरीचा मेकअप लांबला, आहेर सुरू झाला, आजोबा मध्येच स्टेजवर चढले, तरी तो आपला पुढे चाललेला असतो. हाताने वाजवणारी माणसं मात्र मांडवाकडे बघत वाजवतात. नवरी यायला अर्धा तास उशीर असला तर गाण्याला गाणं जोडून तो अर्धा तास ती सहज काढून देतात, पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. वेळेला धावून येणारी ही कारागिरी आहे, आणि पैसे आपण त्याचेच देत असतो.

‘दुसऱ्यांचीच तर गाणी गातात’ असं म्हणून या मंडळींना हिणवण्याची एक सवय आपल्याला आहे. ती सोडायला हवी. सिनेमातलं मूळ गाणं पन्नास-पन्नास वाद्यांवर, स्टुडिओत, पुन्हा पुन्हा घेऊन तयार झालेलं असतं. तेच गाणं पाच माणसांनी, एका दमात, मांडवातल्या गलक्यात उभं करायचं म्हणजे काय ते करून बघावं! सुदेश भोसले आधी ‘मेलडी मेकर्स’ या ऑर्केस्ट्रात मोठमोठ्या नटांचे आणि गायकांचे आवाज काढून दाखवत. पुढे १९९१ च्या ‘हम’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी त्यांनीच गायलं. कुमार सानूही सिनेमात येण्याआधी हॉटेलांतून इतरांचीच गाणी गात होते.

गोव्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याच्या लग्नांतले बँड उभे राहिले, आणि त्याच मातीतल्या वादकांनी मुंबईला येऊन हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये नायकाच्या तोंडी जे नाव आलं ते या गुरुजींचं. तेव्हा मांडवातला वादक आणि सिनेमातला वादक यांच्यात आपण समजतो तेवढी मोठी भिंत नाही.

ठरवताना काय विचारायचं?

पहिली गोष्ट, फोनवरच्या व्हिडिओवर जाऊ नका. तो निवडून, कापून, गोड करून पाठवलेला असतो. त्या मंडळींचा एखादा कार्यक्रम कुठे आहे ते विचारा आणि यजमानांची परवानगी घेऊन दहा मिनिटं मागे उभं राहून ऐका. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, मग हे का बघू नये?

मग पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

कोण-कोण येणार? जाहिरातीत फोटो एकाचा आणि आला भलताच, असं होतं. तेव्हा गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावंच लिहून घ्या.

वाद्यं किती प्रत्यक्ष वाजणार आणि किती ट्रॅकवर?

ध्वनियंत्रणा कुणाची? त्यांची की कार्यालयाची? वीज गेली तर जनरेटर कुणाचा?

येणार किती वाजता आणि गाणार किती वाजता? मांडणी आणि आवाजाची चाचणी यांना तास-दीड तास लागतो. तो वेळ कार्यालयाच्या भाड्याच्या तासांत धरला आहे ना, ते पाहा. पाहुणे चहा घेत असताना ‘हॅलो, हॅलो, चेक, चेक’ सुरू असलं की कार्याची रया जाते.

प्रवासखर्च, राहण्याची सोय, जेवण रकमेत धरलं आहे की वेगळं?

आगाऊ किती, बाकी कधी? कार्य पुढे ढकललं तर काय? आणि ठरल्यापेक्षा एक तास जास्त हवा असला तर त्याचे किती?

एवढं एका पानावर लिहा, दोघांनीही सह्या करा, एक प्रत त्यांना द्या. यात अविश्वास कसला? ही दोघांचीही सोय आहे. नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायला कुणाला जागा राहात नाही.

हॉटेलात कार्य असेल तर आणखी एक विचारून ठेवा. दुसऱ्याची गाणी जाहीरपणे वाजवायची तर एरवी हक्कदारांना शुल्क द्यावं लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. पण ही सूट कुठवर पोचते यावरून हॉटेलं आणि संगीत कंपन्या यांच्यात कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. म्हणून असं काही शुल्क निघालं तर ते कोण भरणार, हे हॉटेलकडून आधीच लेखी घ्यावं. आणि ही सूट लग्नकार्यापुरती, बरं का. वाढदिवसाची पार्टी किंवा कंपनीचं स्नेहसंमेलन यांत ती धरून चालू नका.

गाण्यांची यादी

कार्याच्या पंधरा दिवस आधी गाणाऱ्यांना यादी द्या. यादी करायला घरातल्या तिन्ही पिढ्यांना बसवा. आजी-आजोबांची पाच-सहा, आपल्या वयाची आठ-दहा, उरलेली मुलांची. भावगीत, लावणी, कोळीगीत, हिंदी सिनेमातलं जुनं-नवं, असं थोडं थोडं असू द्या. सुरुवात शांत गाण्यांनी करावी आणि नाचाची गाणी शेवटी घ्यावीत. ‘सैराट’ मधलं २०१६ चं ‘झिंगाट’ आधीच वाजलं की नंतर भावगीताला कोण बसतंय?

लग्नातल्या गाण्यांत एक गंमत आहे पाहा. म्हातारा नवरा आपल्या बायकोचं कौतुक करतो ते १९६५ च्या ‘वक्त’ मधलं मन्ना डे यांचं गाणं, मुलीच्या पाठवणीचं १९६८ च्या ‘नील कमल’ मधलं रफीसाहेबांचं गाणं, आणि दोस्ताच्या वरातीत वाजणारं १९७७ च्या ‘आदमी सडक का’ मधलं गाणं, ही तिन्ही एकाच संगीतकाराची. त्यांचं नाव रवी. लग्नाचे तीन वेगवेगळे प्रसंग एकाच माणसाने असे बांधून ठेवले की बँडवाल्यांना अजून त्यांच्यावाचून चैन पडत नाही.

त्यातल्या पाठवणीच्या गाण्याबद्दल एक विनंती. ते गाणं जेवणाच्या पंगतीत वाजवू देऊ नका. मुलीची आई त्या वेळी वाढायला उभी असते, तिच्या हातातली वाटी थरथरते. आणि ज्या घरी मुलीचे वडील नाहीत, तिथे ते गाणं हवं की नको हे मुलीला आधी विचारा. गाणारा परका माणूस, त्याला हे कसं ठाऊक असणार? ते सांगणं आपलं काम.

घरातल्या कुणाला गायचं असेल तर तेही आधी कळवा आणि त्यांची पट्टी सांगा. पेटी शिकलेलं कुणीतरी घरात असतंच. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. मामांनी ऐन वेळी रफीसाहेबांच्या पट्टीत उडी घेतली की अंतऱ्यात गळा अडकतो आणि लोक हसतात. पट्टी आधी कळली तर वादक गाणं खाली घेतात, मामा एखादी ओळ विसरले तरी सांभाळून नेतात आणि मामींची मान ताठ राहते.

आवाज किती?

आता सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे वळू. लग्नात कुणी गाणी ऐकत नाही, असं गाणारे म्हणतात. लग्नात बोलताच येत नाही, असं पाहुणे म्हणतात. दोघंही खरं बोलतात. आवाज मोठा म्हणून पाहुणे ओरडून बोलतात, पाहुणे ओरडतात म्हणून पार्टीवाला आवाज वाढवतो. शेवटी गाणंही नाही आणि गप्पाही नाहीत.

यावर उपाय अगदी साधे आहेत. स्पीकर जमिनीवर न ठेवता डोक्याच्या वर, स्टँडवर ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या रांगेच्या कानठळ्या न बसता आवाज मागे पोचतो. जेवणाच्या टेबलांकडे एकही स्पीकर नको. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांना घेऊन बसलेल्या आया यांच्या खुर्च्या लांबच मांडा. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परतवतात, तिथे अंतराचा तेवढा उपयोग होत नाही. म्हणून हॉलमध्ये मुळातच आवाज कमी हवा. छातीत धडधडणारा तो ‘बास’ तर निम्म्यावर आणायला सांगा.

कानाचा हिशेबही माहीत असावा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने ठरवलेली मर्यादा अशी, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त सोसू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे ८८ ला ४ तास, आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं! हल्ली फोनवर आवाज मोजायची सोय असते. ती तंतोतंत नसते, पण अंदाज येतो. भाच्याला हे काम द्या, आवडीने करील.

कायदाही ध्यानात ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तो उघड्यावर वाजवता येत नाही. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. पोलिस येऊन माइक बंद करायला लावतात तेव्हा व्याह्यांसमोर जी शोभा होते ती टाळायची असेल, तर शेवटचं गाणं पावणेदहाला असं यादीतच लिहून टाका. शेजारच्या इमारतीत कुणाचं पोर परीक्षेला बसलेलं असतं, कुणी आजारी असतं. त्यांच्या घरी आपली पत्रिका गेलेली नसते, पण आवाज जातो.

ऐकणारे आपण

स्टेजवरून मांडव कसा दिसतो, याचा कधी विचार केलात? पुढच्या रांगेतल्या खुर्च्या व्याह्यांसाठी राखून ठेवलेल्या, म्हणून रिकाम्या. मागे जेवणाची रांग, तिची पाठ गाण्याकडे. बाकीच्यांच्या हातात फोन. गाणं संपतं तेव्हा टाळ्या वाजवायला कुणाचे हातच मोकळे नसतात. गाणारी हसून म्हणते, ‘थँक यू, थँक यू,’ आणि पुढचं गाणं धरते.

यजमानीणबाईंनी मनावर घेतलं तर हे चित्र पालटतं. ज्यांना गाण्याची खरी आवड आहे अशी दहा-बारा माणसं निवडा, त्यांत दोन आज्या असू द्यात, आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. त्या दहांनी मनापासून टाळी दिली की मागच्यांचे हात आपोआप उठतात. जेवण आणि मुख्य गाणी एकाच वेळी ठेवू नका. जेवताना नुसतं वाद्यसंगीत पुरतं. आणि निवेदकाच्या हाती एक कार्ड द्या. त्यावर प्रत्येक गाणाऱ्याचं आणि वादकाचं नाव लिहा आणि ती सगळी नावं माइकवरून घ्यायला सांगा. ‘व्हॉइस ऑफ लता’, ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ अशी बिरुदं लावून जन्म काढणाऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं नाव क्वचितच ऐकायला मिळतं.

फर्माईश करायची तर चिठ्ठी द्यावी, आणि चिठ्ठ्या एकाच माणसाकडे जमाव्यात. प्रत्येकाने उठून स्टेजवर जायचं नाही. गाणाऱ्या मुलीच्या अंगावर नोटा उधळणं तर पूर्णपणे बंद करा. रिझर्व्ह बँकेनेही नोटा उधळू नका, असं आवाहन लोकांना केलेलं आहे. पण बँकेने सांगितलं म्हणून कशाला, आपल्या घरात आलेली मुलगी आहे ती, एवढं कारण पुरेसं आहे. खूश होऊन द्यायचंच असेल तर पाकिटात घालून द्या, सगळ्यांना मिळून.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. हळदीच्या रात्री काही पुरुषमंडळी ‘घेऊन’ आलेली असतात. गाणाऱ्या मुलीला त्यांचा त्रास होतो. ती बोलत नाही, कारण बोलली तर पुढच्या वेळी तिला कुणी बोलावणार नाही. म्हणून घरातला ज्याचा दरारा आहे असा एक काका किंवा थोरला दीर आधीच ठरवा, आणि स्टेजच्या पायरीशी त्याला खुर्ची देऊन बसवा. बायकामुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली द्या. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी घरी कशी जाणार, हे तुम्ही स्वतः विचारा. गाडीत बसेपर्यंत घरातली एक बाई तिच्याबरोबर असू द्या.

त्यांचं ताट

ज्या तक्रारीपासून मी सुरुवात केली, तिच्याकडे येते. वाजवणारे उपाशी का जातात? कुणी मुद्दाम करत नाही. पाहुणे जेवतात तेव्हा ते वाजवत असतात, आणि त्यांचं संपतं तेव्हा केटररने भांडी आवरायला घेतलेली असतात. एवढं साधं कारण.

तेव्हा केटररशी ठरवतानाच गाणारे, वाजवणारे, ध्वनियंत्रणेवाले, गाडीचा चालक अशी माणसं मोजा आणि तितकी ताटं पानांच्या हिशेबात धरा. शक्य तर कार्यक्रमाच्या आधी त्यांना थोडं खायला द्या. गाणारे भरपेट जेवून गात नाहीत, म्हणून पूर्ण ताट नंतरसाठी झाकून ठेवा. जे पाहुण्यांना तेच त्यांना. बासुंदी संपली म्हणून त्यांना नुसता भात, असं नको. स्टेजवर कोमट पाण्याचा थर्मास ठेवा. बर्फाचं पाणी गाणाऱ्याला चालत नाही.

ठरलेली बिदागी वाद्यं गाडीत चढायच्या आधी पुरती हाती द्या. ‘मधे वीज गेली होती, थोडे कमी करा’ असली घासाघीस रात्री अकरा वाजता करू नये. वीज गेली ती काही त्यांनी घालवली नाही. या मंडळींचा हंगाम वर्षातले चार-सहा महिने, तोही मुहूर्तांवर अवलंबून. कोरोनाच्या काळात काय झालं ते आपण पाहिलं आहे. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात २५ माणसं आणि दोन तास, एवढ्यावर लग्नं उरकावी लागली. आपली लग्नं लागली. ज्यांच्या चुली या वाजवण्यावर चालतात, त्यांचे ऐन हंगाम मात्र गेले ते गेलेच.

आणि वरातीत आणखी कुणी असतात, ज्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. बँडच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालणाऱ्या बायका. पूर्वी गॅसबत्त्या असत, मग ट्यूबलाइटी आल्या आणि आता रंगीत दिवे. एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर वायर गेलेली, शेवटचं टोक मागच्या गाडीवरच्या जनरेटरला. नाचणारे थांबले की त्यांनी थांबायचं, नाचणारे चालले की चालायचं. दोन-दोन तास मान हलवायची सोय नाही. आपल्या फोटोंत आपले शालू झगमगतात ते यांच्याच उजेडात. वरात दाराशी आली की नवरदेवाला ओवाळण्याची घाई असते, ठाऊक आहे. पण एका मुलीला पाण्याचा तांब्या आणि पेले देऊन त्या बायकांकडे पाठवा. झुंबरं खाली ठेवायला जागा करून द्या. त्यांची ताटंही मोजलेली असू द्यात. वायरींची आवरणं धड आहेत का, हे बँडवाल्याला आधीच विचारा. पावसाची चिन्हं असली तर दिवे डोक्यावर नकोत, असं निक्षून सांगा.

ऑर्केस्ट्रा झेपत नसेल तर?

तर काही बिघडत नाही. कर्ज काढून गाणी वाजवू नयेत. एक पेटी, एक तबला आणि घरातल्या गळ्यांवर सुरेख संध्याकाळ होते. लग्नातलं गाणं मुळात बायकांचंच आहे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती तेराव्या शतकातली महदंबा. तिचे ‘धवळे’ हे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचं गाणंच आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत अजूनही धवलारीण बाई धवले म्हणत विधी लावते. घाणा भरताना, हळद दळताना गायच्या ओव्या अजून कितीतरी आज्यांना येतात. आपल्या आजीला माइक देऊन बघा. सुरुवातीला ‘मला नाही बाई येत’ म्हणतील आणि मग आवरतं घ्यायला तुम्हालाच सांगावं लागेल. नातवाला ते रेकॉर्ड करून ठेवायला सांगा. ऑर्केस्ट्रा पुढच्या वर्षीही मिळेल, आजीचा आवाज मिळेलच असं नाही.

ऑर्केस्ट्रा ठेवा किंवा ठेवू नका. पण ठेवलात तर कार्याच्या वहीत तीन ओळी आजच लिहून ठेवा: ताटं किती, शेवटचं गाणं किती वाजता, आणि गाणाऱ्या मुलीला घरी कोण पोचवणार. या तीन ओळी लिहिल्यात की निम्मं काम झालं.

पुढच्या अंकात आहेराबद्दल बोलू. घेणं, देणं, आणि न मागता नाही म्हणणं!